ईनबाईंचं ऊन

सकाळी फोन वाजला तेव्हा मी अंगणात तोंड धूत होतो. हिवाळ्यात अकोल्याहून रोज सकाळी फोन यायचाच, त्यामुळे काही वेगळं वाटलं नाही. पण आवाज पोरीचा नव्हता, जावयाचा होता. ते म्हणाले, "मामाजी, आई गेली." आणि मी... असं कसं बोललो ते मला आजही कळत नाही... मी म्हटलं, "ईनबाईले द्या बरं फोन." मी फोन कानाला लावून तसाच उभा, तोंडावरचं पाणी गळ्यात उतरत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोलायला मी कधी फोन मागितला नव्हता. मागितला तो त्या दिवशी.

ईनबाई म्हणजे माझ्या पोरीची, रेखाची सासू. नाव पार्वताबाई. आमच्यात इवाई आणि ईन, म्हणजे व्याही आणि विहीण, एकमेकांशी तोंडावर बोलत नाहीत, निदान आमच्या वयाची माणसं तरी नाही. मधे कोणीतरी लागतं. कोणी नसलं तर भिंतीला सांगायचं, ज्यानं ऐकायचं तो ऐकतो.

माझी बायको गेली ती थंडीच्या तोंडावर. माझा जन्म अमरावतीच्या जिनिंगमधे गेला, छातीत कापूस बसलेला, गारठा आला की धाप लागते. तिच्यामागं मी जो गोधडीत शिरलो तो बाहेरच येईना. चहा आणि टोस्ट, बस. आंघोळ नाही, चालणं नाही. गुडघे धरले, जिना दिसला की मागं फिरायचो. रेखा फोनवर रडायची. एक दिवस सासूला घेऊनच एसटीनं आली. ईनबाई खोलीत आल्या नाहीत. अंगणात उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, आणि शेजाऱ्याची बकरी बांधलेली होती तिला विचारलं, "काहो बकरीबाई, ह्या घरात कोनी माणूस राह्यते का नुसती गोधडीच राह्यते?"

मला असा राग आला. आतूनच ओरडलो, "रेखा, सांग त्याइले, माणूस मेला."

"मेलेला माणूस एवढ्या जोरानं बोलत नाही म्हना," त्या म्हणाल्या.

रेखा हसली. आई गेल्यापासून पोरीचं हसणं मी ऐकलं नव्हतं. ते पाहायला म्हणून बाहेर आलो.

तिथून पुढं दर हिवाळ्यात त्यांचा हुकूम चालू. दिवाळी उरकली की अकोल्याहून डबे यायचे. जवसाची चटणी, बाजरीचं पीठ, तिळाचं तेल आणि मेथीचे कडूजहर लाडू. रोज सकाळी फोनवर बोलायची रेखा, पण मागून सांगायच्या त्या. गोधडी तोंडावरून घेऊ नका म्हणावं. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी सोडायचं नाही, कोमट करून प्यायचं. गुडघ्यांना तेल चोळा, ऊन घ्या, मग अंग मोकळं झालं की चाला. पहाटेच्या गारठ्यात मर्दानगी दाखवायला जाऊ नका. जेवणात भाकरी आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी, टोस्टचा पुडा घरात दिसला नाही पाहिजे. मी चिडून म्हणायचो, रेखा, तुह्या सासूले विचार, मले कुस्तीत उतरवाचं हाये काय? तिकडून उत्तर यायचं, कुस्तीत नाही, पण नातीच्या वरातीत नाचायचं तर गुडघे लागतील. खोटं कशाला सांगू, धाप कमी झाली. पायी बाजारात जाऊ लागलो.

त्या जायच्या आदल्या दिवशी फोन चालू असताना रेखाचं दूध उतू गेलं. ती फोन सासूच्या हातात देऊन पळाली. तिकडं त्या, इकडं मी, मधे कोणी नाही. फोनला भिंत कुठली... त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याच बोलल्या, सरळ मला.

"इवाईबुवा, आवाज मोकळा वाटते आज तुमचा."

मी म्हटलं, "वाटंन नाही तं काय. तुमच्या लाडवानं मराची सोय ठेवली नाही."

त्या मोठ्यानं हसल्या. रेखा परत आली तरी हसतच होत्या. ती काय झालं म्हणून विचारत राहिली, दोघांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. हे मी लिहिलं खरं, पण मला ते अजून पटलेलं नाही. आंघोळीचं पाणी तापवायला सांगून त्या मागच्या अंगणात बाजेवर उन्हाला बसल्या. पाणी तापलं म्हणून रेखा बोलवायला गेली, तर मान एका बाजूला. मी अकोल्याला पोचलो तेव्हा गल्लीतले डॉक्टर दारातच होते. म्हणाले, हृदय बंद पडलं, थंडीत सकाळच्या वेळी म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. थंडीनं? यांना? साऱ्यांना थंडीतून काढणारी बाई ही... मी, छाती गेलेला म्हातारा, दोन पायांवर उभा, आणि त्या खाली निजवलेल्या. कुठंतरी चूक झाली, न्यायला येणारा चुकीच्या घरी आला, असंच मला स्मशानातसुद्धा वाटत होतं. लोक लाकडं रचत होते आणि मला त्यांना थांबवावंसं वाटत होतं.

तेरवीला जाऊन त्याच संध्याकाळी अमरावतीला परत आलो. सकाळी फोन हातात घेऊन बसायचो. येत नव्हता. शेवटी मीच लावला. जावई म्हणाले, रेखा उठत नाही, मागच्या खोलीत गोधडी तोंडावर घेऊन पडून राहते, दोन घास खाते, पुन्हा तशीच. मला धडकी भरली. माझं तसं झालं तेव्हा उठवायला ईनबाई होत्या. पोरीची आई गेली तेव्हा तिलाही त्यांनीच सावरलं. आता तिला कोण उठवणार?

बापानं पोरीच्या घरी मुक्काम करू नये असं मानणारा मी. नेहमी संध्याकाळच्या गाडीनं परतायचो. या वेळी पिशवीत दोन धोतरं टाकली आणि निघालो.

रेखाला हाक मारली, तिनं भिंतीकडं तोंड केलं. समजावलं, रागावलो. काही नाही. मला ईनबाईंसारखं बोलता येत नाही. मागचं दार उघडून बाहेर गेलो. ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. बाज भिंतीला उभी लावलेली, त्या गेल्यापासून कोणी टाकली नव्हती. मग खाली लक्ष गेलं... मातीत बाजेच्या पायांचे खड्डे. चार भिंतीजवळ, चार थोडे पुढं, मग आणखी पुढं, थेट नळापर्यंत. ऊन सरकेल तशी त्या बाज सरकवायच्या. इतके हिवाळे सरकवली की जमिनीत घर झालं. फोनवर मला ऊन घ्या, ऊन घ्या करणारी बाई इथं रोज अशी उन्हामागं फिरत होती, आणि त्याच उन्हात बसून गेली...

मी बाज आडवी केली आणि पहिल्या खड्ड्यांकडं ओढू लागलो. जड लाकूड. धाप लागली, खोकला सुटला, थांबेचना. मागं रेखा येऊन उभी राहिली, केस मोकळे, गोधडी खांद्यावर.

"बाबा, एकट्यानं काहून ओढून राहिले?"

तिनं दुसरी बाजू धरली. पाय खड्ड्यांत बरोबर बसले. आम्ही बसलो. थोड्या वेळानं ती रडायला लागली, उन्हाकडं पाठ करून खूप रडली. मी रडू दिलं. ऊन पुढं गेलं तेव्हा तीच उठली आणि म्हणाली, "उठा, सरकवा लागंन."

मी अजून अकोल्यातच आहे. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. सकाळी बाज टाकतो, नळाजवळचं ऊन सरलं की आम्ही आत येतो. परवा जेवताना जावई म्हणाले, मागच्या अंगणात फरशी टाकून घेऊ, माती फार झाली, खड्डेही पडलेत. मी तोंड उघडायच्या आत रेखा बोलली, ताटातून मान वर न करता.

"यंदा नोको."