मॉलच्या दारातले चार जोड

सहल आखून निघणारी माणसं मला आवडत नाहीत. पण सकाळी वारंगा फाट्यावर एसटीत शेजारी येऊन बसलेल्या एका बाईची आखणी मी कान देऊन ऐकली. मागच्या बाकावर तिची सासू आणि दोन पोरी होत्या. पोरींना नांदेड कसं दाखवणार, ते ती बोटांवर मोजून सांगत होती. "बायांला अर्धं तिकीट. भाकरी घरची. उन्हाच्या वक्ताला मॉल. तिथं गार हवा हाय, अन् काई घ्याच म्हणून कुणी मागं लागत न्हाई."

दुपारी मॉलच्या दारात त्या चौघी पुन्हा दिसल्या. आतली चकचकीत फरशी पाहून सासूनं देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या. पोरी फिदीफिदी हसल्या. दारावरचा वॉचमनही हसला.

"काहून हसून राहिल्या गं? काढा तुमी बी," असं पोरींना म्हणत सुनेनं स्वतःच्याही चपला काढल्या आणि सासूच्या चपलांशेजारी नीट लावल्या. पोरींनीही काढल्या.

आत पाऊल टाकताच म्हातारी हरखली. "पायाला कसं गार लागून राहिलं!"

"म्हणूनच तर काढायच्या, आत्याबाई."

हे काही तिनं सकाळी बोटांवर मोजलेलं नव्हतं. मी वळून पाहिलं, तर वॉचमन ते चारही जोड उन्हातून सावलीत सरकवत होता.