तीन अष्टमांश इंच

मी मोजलंच नव्हतं. मोजल्याचं लिहिलं मात्र होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गाडीच्या मालकाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच.

मी अमेरिकेत ट्रॉयमध्ये राहतो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत स्टिअरिंगच्या दांड्यांची डिझाइनं करतो, म्हणजे दिवसभर पडद्यावर रेघा ओढतो. पुण्याला मेकॅनिकलला होतो तेव्हा वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा चौकोनी तुकडा कानशीने घासून गुळगुळीत करायचा असे. तो मी तिथल्या अटेंडंटकडून घासून घेतला आणि परीक्षेत पहिला आलो. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी तेच केलं. हाताला तेल लागणं हे आयटीआयवाल्यांचं काम, आपलं काम डोक्याचं, अशी आमची पक्की समजूत होती. अशी डोकी पुढे जगभर गेली आणि सगळीकडे प्रेझेंटेशनं देऊ लागली. त्यातलंच हे एक.

आमच्या शेजारी एक म्हातारा राहायचा. एकटाच. चाळीस वर्षं तो डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायच्या कारखान्यात टूलमेकर होता. शनिवारी सकाळी त्याच्या गराजचं दार वर गेलेलं असायचं आणि आत काहीतरी घासल्याचा, ठोकल्याचा आवाज चालू असायचा. मी गवत कापायच्या निमित्ताने जाऊन उभा राहू लागलो. पुढे निमित्तही लागेनासं झालं. मी इंजिनिअर आहे हे कळल्यावर तो मला ‘प्रोफेसर’ म्हणू लागला. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलं नाही. कॉफीचा कप धरताना त्याचा हात थोडा थरथरायचा. तोच हात वेल्डिंगची टॉर्च घेतली की दगडासारखा स्थिर व्हायचा. हे मी स्वतः पाहिलं आहे. नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरल्याचं सोंग घेतलं.

आता गाडीचा मालक. आमच्या मराठी मंडळातला, मूळचा नागपूरचा, आयटीत मॅनेजर. घर झालं, बेसमेंट झालं, बेसमेंटमध्ये बार झाला, तेव्हा दोन हजार चारच्या सुमारास त्याला मसल कार घ्यायची हुक्की आली. साठ-सत्तरच्या दशकातली, बेताच्या अंगात दांडगं इंजिन कोंबलेली ही अमेरिकन गाडी. याने घेतली ती एकोणसत्तरची, लाल, पण आतलं इंजिन लहान. मंडळाच्या पिकनिकला त्याने सगळ्यांना बॉनेट उघडून दाखवलं आणि कुणी वाहवा केली नाही म्हणून दुखावला.

“मोठं इंजिन टाकतोय यार,” तो मला म्हणाला. “आवाज आला पाहिजे. फोरमवर लिहिलंय, डायरेक्ट बसतं.”

मी त्याला म्हाताऱ्याकडे नेलं. का, तर मंडळात माझी ‘गाड्यांतला माणूस’ अशी ख्याती व्हावी म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

म्हाताऱ्याने नव्या भागांच्या खोक्यांवरची अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि हसला. “खोक्यावर ‘बसेल’ असं लिहिणाऱ्याने गाडी पाहिलेली नसते.”

“बॉस, पण इंटरनेटवर फोटो आहेत,” मालक म्हणाला.

“फोटोत सगळंच बसतं.”

आणि खरंच, काहीही बसेना. इंजिन साखळीला टांगून खाली सोडलं तर एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांडीला घासे. इंजिन ज्यांवर बसतं ते माउंट तासले, पाइपला हातोडीने एक खळगा पाडला, ते सुटलं. मग खालचा ऑइल पॅन, म्हणजे इंजिनच्या पोटाला असते ती तेलाची पत्र्याची परात, गाडीच्या आडव्या लोखंडी पट्टीवर टेकू लागला. इंजिन वर घ्यावं तर बॉनेट लागत नाही, खाली सोडावं तर पॅन टेकतो. म्हातारा इंजिन खाली सोडी, खडूने खूण करी, वर घेई, तासे, पुन्हा सोडी. दहा वेळा लावणं, दहा वेळा काढणं. मालक पहिले दोन शनिवार आला, चौथ्या वेळेला इंजिन वर गेल्यावर “कळवा मला” म्हणून निघून गेला. मी थांबलो. मला वाटे, मी शिकतोय. प्रत्यक्षात मी बघत होतो. या दोहोंतला फरक मला आमच्या कॉलेजने कधी शिकवला नव्हता.

शेवटी म्हाताऱ्याने ठरवलं की पॅनचा टेकणारा कोपरा आणि थोडा तळ कापायचा, तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा आणि पॅन अर्धा इंच उथळ करायचा. पण पॅन उथळ झाला की त्यातून तेल ओढणारी नळीही तेवढीच वर घ्यावी लागते. या नळीचं तोंड पॅनच्या तळापासून तीन अष्टमांश इंच वर हवं, साधारण करंगळीच्या नखाएवढं. जास्त वर राहिलं तर हवा ओढतं, तळाला टेकलं तर पुरेसं तेल येत नाही, आणि तेल नाही म्हणजे इंजिन गेलं. नळी त्याने कापली, नव्या कोनात जोडली, जोड पितळेने भरला. त्या जोडावर बोट फिरवून पाहिलं तर कुठे नख अडकत नव्हतं.

हे अंतर मोजायची त्याची रीत साधी होती. मुलांच्या खेळातल्या मातीची गोळी नळीच्या तोंडाला चिकटवायची, मधली गॅसकेटची पट्टी घालून पॅन बोल्टांनी आवळायचा, मग पुन्हा काढायचा. दबलेली माती ब्लेडने कापायची आणि तिची जाडी मोजायची. तीच खरी. मोजलेला आकडा मास्किंग टेपवर लिहून टेप पॅनला लावून ठेवायची. त्याच्या गराजमध्ये प्रत्येक सुट्या भागावर असा टेपचा तुकडा असे. कारखान्यात असंच चालत आलेलं. टेपवर आकडा आहे म्हणजे कुणीतरी मोजलंय. पुन्हा विचारायचं नाही. विचारणं म्हणजे त्या माणसाचा अपमान.

त्या शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. अकराला गुरुजी यायचे होते. हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टर असत, त्यामुळे वेळेचे पक्के. दहाला बायकोचा फोन आला.

“अहो, आंघोळ झालीय ना तुमची? मग तिकडे कशाला कडमडलात?”

“आलोच. नुसता उभा आहे.”

“उभेच राहा. तेलकट होऊन आलात तर पुन्हा आंघोळ. आणि सोवळं मी बाहेर काढून ठेवलंय, त्याला काळे हात लावू नका.”

म्हाताऱ्याला गॅसकेटचं सीलंट कमी पडलं होतं, ते आणायला तो निघाला. जाताना हिरव्या मातीची डबी माझ्या हातात दिली. “प्रोफेसर, वेल्डिंग गार झालंय. मी येईपर्यंत माती लावून मोजून ठेव. टेपवर लिही.”

तो गेला. मी खाली वाकून पाहिलं. सोळा-सतरा बोल्ट आवळायचे, सोडायचे, तेही गाडीखाली पाठीवर पडून, केसात तेल पाडून घेत. वर त्या पोरखेळाच्या मातीचं मला मनातून हसू येत होतं. वेल्डिंगच्या आधी, नवा पत्रा नुसता जागेवर धरून, पॅनची खोली मीच मोजली होती, नळीची लांबी मीच मोजली होती. वजाबाकी केली. तीन अष्टमांश. बरोबर! मग मोजायचं कशाला?

कॉलेजात आम्ही जर्नल असंच भरायचो. उत्तर काय यायला हवं ते सीनियरच्या जर्नलमधून ठाऊक असायचं, त्यावरून उलट हिशेब करून रीडिंग लिहायची. वर दोन रीडिंग मुद्दाम किंचित चुकीची, म्हणजे खरी वाटावीत. सरांना ठाऊक असे, आम्हाला ठाऊक असे, सही होत असे. आम्ही त्याला खोटं म्हणत नव्हतो, प्रॅक्टिकल म्हणत होतो.

मी टेपवर लिहिलं आणि पॅनला चिकटवलं. मातीची एक गोळी करून कचऱ्यात टाकली, डबी भरलेली दिसू नये म्हणून. असल्या कामात आमचं डोकं फार चालतं.

म्हातारा आला. टेप वाचली. “गुड,” म्हणाला. आणि पॅन चढवायला घेतला. मी घरी जाऊन सोवळं नेसून पूजेला बसलो. हात स्वच्छ होते. तीर्थ त्याच हातावर घेतलं.

गाडी सुरू झाली, आवाज झाला, मालक खूश झाला. अंगणात उभी असताना तेलाचा काटा व्यवस्थित दाखवत होता. ऑगस्टमध्ये हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन मोठ्या रस्त्यावर फिरतात, तिथे तो मला शेजारी बसवून घेऊन गेला. एका सिग्नलला बाजूला दुसरी गाडी आली. याने पाय पूर्ण दाबला. कोपरा गाठेपर्यंत बॉनेटखालून ठक ठक ठक सुरू झालं. लोखंडावर लोखंड. तो म्हणाला, “हा आवाज नॉर्मल आहे ना यार?” मी म्हणालो, “बंद कर.” त्याने बंद केली नाही. मागच्या गाड्यांसमोर बंद करायची लाज वाटली त्याला. आणखी मैलभर तसाच गेला आणि इंजिन स्वतःच बंद पडलं.

पुढच्या शनिवारी म्हाताऱ्याने पॅन काढला. मी शेजारीच होतो. पॅनच्या तळावर एक गोल चकचकीत रिंगण उमटलं होतं, नळीचं तोंड तिथे घासत होतं; उभ्या गाडीपुरतं तेल कडेने येत होतं, पाय दाबल्यावर ते पुरलं नाही. ते दिसलं तेव्हाच मला सगळं समजलं. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला गेला होता, तळ वर आला होता. म्हणून तर वेल्डिंग गार झाल्यावर मोजायचं असतं. म्हणून तर माती. माझी वजाबाकी अचूक होती, फक्त ती अस्तित्वात नसलेल्या पॅनची होती.

म्हाताऱ्याने रिंगणावरून अंगठा फिरवला. मग टेप पाहिली. खूप वेळ पाहिली.

“तू मोजलंस तेव्हा तीन अष्टमांश होतं,” तो म्हणाला. “म्हणजे नळी नंतर खाली बसली. म्हणजे माझा जोड सरकला.”

मी खाली पडलेला एक बोल्ट उचलून डब्यात टाकला.

“मी असा कच्चा जोड कधी केला नव्हता रे. हात हलला असेल माझा, प्रोफेसर.”

मी म्हणालो, “असेल.”

एवढंच. एक शब्द. जोड जागच्या जागी होता, केसभरही हललेला नव्हता, मला समोर दिसत होता. त्यालाही दिसला असता. पण त्याच्यासमोर दोनच गोष्टी होत्या, स्वतःचा हात आणि माझा आकडा. त्याने आकड्यावर विश्वास ठेवला, कारण त्याच्या जगात न मोजता कुणी लिहीत नसे.

मालकाने दिवाळीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, ही कथा सांगितली. हातात चकली. “म्हाताऱ्याचे हात थरथरतात यार! मला आधी कुणी सांगितलंच नाही. हाच घेऊन गेला होता मला,” असं म्हणत माझ्या पाठीवर थाप. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “या गोऱ्यांना रिटायर कधी व्हायचं ते कळत नाही.” बेसमेंटच्या पायरीवर बसून, कागदी बशीतला पुलाव चिवडत, ज्यांनी उभ्या जन्मात एक स्क्रू पिळला नाही असली वीस-पंचवीस माणसं एका टूलमेकरच्या हातांचा निकाल लावत होती. त्यांची मला किळस आली. पण मान मीही हलवली, आणि पुलाव संपवला.

म्हाताऱ्याने त्यानंतर कुणाच्या गाडीला हात लावला नाही. “ब्रेकच्या कामात असं झालं असतं तर माणूस मेला असता,” म्हणाला. शनिवारी गराजचं दार बंद दिसू लागलं. वसंतात त्याची मुलगी ओहायोहून आली. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर मला गाठून म्हणाली, “तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्ही बघत होता. खरं सांगा, त्यांचे हात खरोखर गेलेत का? ते म्हणतात, आता एकटं राहायची भीती वाटते. म्हणतात, स्टोव्हही नीट बंद करत नसेन. मी त्यांना घेऊन जावं का?”

ही दुसरी संधी होती. पहिलीला निदान मी गांगरलो होतो असं म्हणता येईल. हिला म्हणता येत नाही. मी नीट विचार करून, शांतपणे, तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “वयोमानाने होतं असं.”

महिन्याभरात घर विकायला निघालं. गराजमधलं लेथ यंत्र कुणीतरी ट्रकवर घालून नेलं. जाताना तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, “तुझं इंजिन बिघडवलं मी, मनात ठेवू नकोस.” इंजिन माझं नव्हतं, आणि बिघडवलं त्याने नव्हतं. मी म्हणालो, “नो प्रॉब्लेम.”

मालकाने गाडी विकून टाकली, आता त्याला बोट घ्यायची आहे. मी त्याला तुच्छ मानतो, पण तो निदान जे करतो ते उघड करतो.

आता दोन हजार आठ चालू आहे. आमच्या कंपनीत कपात चालली आहे, माझ्या शेजारच्या दोन टेबलांवर कुणी बसत नाही. म्हाताऱ्याचं दर नाताळाला कार्ड येतं. मजकूर मुलीच्या अक्षरात असतो. मागच्या वेळी तिने लिहिलं होतं की बाबा ठीक आहेत, दिवसभर टीव्ही बघतात, हातोडीसुद्धा धरत नाहीत, भिंतीवर खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला बोलावतात. पाकिटावर पत्ता आहे, फोन नंबर आहे. इथून तीन तासांचा रस्ता.

त्याचा जोड चांगला होता, चूक माझी होती आणि त्याचे हात गेलेले नव्हते, एवढं सांगायचं मी त्याचं देणं लागतो. तो जिवंत आहे, आणि मी अजून सांगितलेलं नाही.