चिकूचे फोड

११ फेब्रुवारी २०१७. दुपारी ओटीवर बसून पाकिटांना लेबलं चिकटवत होतो. पाकिटं शंभर, आम्ही सहाजणी. रविवारी सकाळी माल तलासरीला, हायवेवरच्या एका हॉटेलात पोहोचवायचा होता.

तोवर आमच्या वाळवलेल्या चिकूला नाव नव्हतं. कोसबाडला फळं सुकवण्याचं प्रशिक्षण घेऊन आम्ही गट काढला, पण माल सुटा द्यायचो. व्यापारी तो स्वतःच्या पाकिटात भरून स्वतःच्या नावाने विकायचा. हॉटेलवाल्यांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, सुटं ठेवत नाही. पाकीट आणा, नाव घाला. आठवडाभर गल्ल्यापाशी ठेवतो. खपलं तर पुढचं बोलू. पण रविवार चुकवू नका, नाहीतर ती जागा चिक्कीवाल्याला देतो."

मुंबईत जाहिरातीच्या कामात असलेल्या माझ्या भाचीने फोनवर बजावलं, "मावशी, ब्रँडला गोष्ट लागते. वरती वारली नाच टाक." टाकला. छपाई सीमेपलीकडच्या गुजराती छापखान्यात दिली, कारण तो दोन दिवसांत देतो. मजकूर मी फोनवर सांगितला. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा मी एसटीत उभी होते. गटाचं नाव पाहिलं, फोन नंबर पाहिला आणि ओके पाठवून दिलं.

आमच्यातली एक शेजारच्या वेवजी गावची. साक्षरतेच्या वर्गात चाळिशीत वाचायला शिकलेली, त्यामुळे ती अजून अक्षरावर बोट ठेवून वाचते. पाचवं लेबल चिकटवून तिने बोट ठेवलं.

"उ-न्हा-त वा-ळ-ले-ले चि-कू-चे फो-ड." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, चिकूला फोड आले?"

मी पाकीट ओढून घेतलं. 'चिकूच्या फोडी' हवं होतं. छापलं होतं 'चिकूचे फोड'. शंभरच्या शंभर.

"उन्हात वाळलेले फोड!" दुसरी म्हणाली. "म्हणजे बरे झाले ना?"

"आणि हे वरती नाचतायत," तिसरी म्हणाली, "फोड बरे झाले म्हणून!"

मलाही हसू आलं, पण आधी छापखान्याला फोन लावला.

"बेन, फोड ने फोडी, एकच ना?" तो म्हणाला. "आमच्यात फोडीला चीर बोलतात. मला काय खबर! अने प्रूफ तर तुम्ही ओके केला ने?"

केलं होतं. नवी लेबलं सोमवारशिवाय मिळणार नव्हती, म्हणून वाद घातला नाही.

पेनाने दुरुस्ती करून पाहिली. 'फोड'ला वेलांटी देता आली, पण 'ले'चं 'ल्या' आणि 'चे'चं 'च्या' करताना डाग पडला. डागाळलेलं खाणं कोण घेईल? एकीने सुचवलं, सोमवारी नेऊ. मी नाही म्हटलं. सोमवारी तिथे चिक्की दिसली असती.

वेवजीची म्हणाली, "कापून टाका ना. पाकिटातून आतलं दिसतंय. खाली नाव हाय तेवढं पुरं."

लेबलाच्या खालच्या पट्टीत गटाचं नाव, गाव, वजन होतं. चिकटवलेली लेबलं सोलून काढली आणि वरचं सगळं, नाचासकट, कात्रीने गेलं. पण मालाचं नाव लिहिल्याशिवाय पाकीट देणं मला पटेना. वहीच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या केल्या आणि त्यावर एकच शब्द लिहायचा ठरवला, चिकू. तेवढा सहाहीजणींना येत होता. कुणाचा 'च' ढेरपोट्या, कुणाची वेलांटी पट्टीबाहेर. वेवजीचीने वीस लिहिल्या, एकदाही न थांबता. उन्हं कलायच्या आत शंभर पाकिटं खोक्यात होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी खोकं तलासरीला नेलं. हॉटेलवाल्यांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"हाताने लिहिलंत? छापखाने बंद पडले?"

"छापलेलं चुकलं," म्हटलं आणि काय छापलं होतं तेही सांगितलं. ते इतके हसले की वेटर बघायला आला. त्यांनी एक पाकीट फोडून चार तुकडे खाल्ले आणि पाकिटं टोपलीत घालून गल्ल्यावर बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवली.

"आठवडा तुमचा," म्हणाले. "पण पुढच्या वेळी छापून."

थांब्यावर येऊन मी छापखान्याला फोन केला. नवं प्रूफ कागदावर काढून ठेवायला सांगितलं आणि हेही सांगितलं की ओके मी देणार नाही. मग घरची एसटी सोडून वेवजीला जाणारी रिक्षा पकडली, बोट ठेवून वाचणारीला छापखान्यात बरोबर न्यायला.