आबांची नागीण

आबा गेले त्या दिवशी चार वाजता मी त्यांचा चहा गाळला आणि सवयीनं हाक मारली, "आबा, उठा, चहावर साय धरतेय." एरवी एवढ्या हाकेला "आलो, आलो, वरडू नगं" असं उत्तर यायचं. त्या दिवशी आलं नाही. दुसरी हाक मारतानाच मला कळलं होतं, तरी मी तिसरी मारली... आबा म्हणजे माझे सासरे. ऐंशी पार केलेले, तुर्भ्याच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहून अख्खी हयात काढलेला माणूस. ना आजारपण, ना नळ्या, ना कुणाला त्रास. दुपारी जेवून झोपले आणि झोपेतच गेले.

रात्री दहाच्या सुमारास साताऱ्याकडून त्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, पोचल्या. आबांना आंघोळ घालताना कुणीतरी जाणतं माणूस म्हणालं, "करदोडा तोडा." म्हणजे पुरुषाच्या कमरेचा काळा दोरा. तो जन्मभर बांधायचा, जुना झाला तर आधी नवा बांधून मगच जुना काढायचा, आणि माणूस गेला की मुलानं तोडायचा, ही आमच्याकडची रीत. माझा नवरा दिलीप खाली वाकला, आबांची कंबर चाचपली आणि तसाच वर बघत राहिला. कमरेला काही नव्हतंच. बायकांमधून आत्याबाई उठल्या आणि सगळ्यांदेखत माझ्याकडं वळल्या. "तवा तोडलास, त्यो परत बांधलाच न्हाईस व्हय गं? बिनदोऱ्याचा फिरवलास माझ्या भावाला?" मी रडत होते, पण "नाही बांधला, आत्याबाई" एवढं मोठ्यानं म्हणाले. पुढचंही तोंडावर आलं होतं, पण अशा वेळी कुठं भांडायचं! आज सहा आठवडे झाले. आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, आबांच्या डाव्या बाजूला कमरेपाशी आग व्हायला लागली. मी घरी शिलाई करते. खांदेश्वरला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, त्यातली एक खोली माझ्या मशीननं आणि लोकांच्या ब्लाउजपिसांनी भरलेली. आबा म्हणाले, उसण भरली असंल. मी बाम चोळून दिला. चोळताना ते असे काही विव्हळले की मीच चिडले, "गोण्या वाहिल्यात ना जन्मभर, मग बामाला काय रडता?" हे आठवलं की अजून जीभ चावते. तिसऱ्या दिवशी तिथं लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड. आत्याबाई तेव्हा आमच्याकडंच मुक्कामाला होत्या. त्यांनी सदरा वर करून बघितला आणि कपाळावर हात मारला. "आगं बया बया, नागीण हाय ही! तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस खलास!" आबांचा चेहरा तिथंच उतरला. त्यांच्या लहानपणी गावातला कुणी चुलता म्हणे असाच गेला होता. तो कशानं गेला देव जाणे, पण घरात नाव नागिणीचं लागलं होतं. आत्याबाईंनी गेरू आणवला, पाण्यात कालवला आणि नागिणीच्या तोंडापुढं आडवी रेघ ओढून तिची वाट बंद केली. मग उरलेला गेरू सगळ्या फोडांवर थापला. आणि मी? मला त्या दिवशी सहा ब्लाउज द्यायचे होते. मी म्हटलं, लावू दे, मातीच तर आहे.

दुसऱ्या दिवशी आबांना अंगावर वारासुद्धा सोसेना, तेव्हा मी रिक्षा केली आणि त्यांना स्टेशनजवळच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. गेरू बघून बाई अशा तापल्या की विचारू नका. "याच्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाल्या तर उपयोग. तुम्ही भिंत रंगवत बसलात?" मी मान खाली घातली. थोडक्यात निभावलं, असं म्हणून त्यांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, वर लावायला गुलाबी लोशन दिलं आणि बजावलं, फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही, अंगाला घासेल असं काही ठेवायचं नाही. शिवाय ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना आणि पोटुशी बाईला जरा लांब ठेवा.

तिथून आमचे दिवस सुरू झाले. दुखणं एक वेळ परवडलं, पण ती खाज! आबा हात पाठीमागं बांधून खोलीत फेऱ्या मारायचे. मी त्यांची नखं अगदी मुळापर्यंत कापली. गार पाण्यात धुवट फडकं पिळून हलकेच ठेवलं की पाच-दहा मिनिटं बरं वाटायचं. माझ्या सासूबाईंचं एक जुनं नऊवारी ट्रंकेत होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, ते मी त्यांच्या अंथरुणावर घातलं. सदरा टोचायचा म्हणून त्यांच्या दोन सदऱ्यांची डावी शिवण उसवून टाकली आणि तिथं नुसते बंद लावले, म्हणजे ती बाजू मोकळी राहील. आबा आरशात बघून म्हणाले, "अर्धा सावकार, अर्धा भिकारी." पण सगळ्यात गुणकारी उपाय त्यांचा त्यांनीच शोधला. खाज फार सुटली की हाक मारायचे, "शैला, आगं, भांड जरा माझ्यासंगं." मी मशीन थांबवायची आणि भांडायची. आमटीत मीठ कुणी जास्त टाकलं, टीव्हीचा आवाज कोण वाढवतं, लग्नात माझ्या माहेरच्यांनी मानपानाचा फेटा मुद्दाम लहान आणला होता की काय... फेट्यावरून भांडण चांगलं अर्धा तास टिकायचं. शेजारची बाई एकदा समजूत घालायला आली तर आबाच तिच्यावर खेकसले, "आवशद चाललंय माझं, तुमी जावा!"

हसण्यावारी नेत होतो, पण आत भीती बसली होतीच. आबांचं जेवण तुटलं. रोज सकाळी ते मला टेप घेऊन बोलवायचे. नागिणीच्या शेवटच्या फोडापासून, उजव्या बाजूनं वळसा घालून, पहिल्या फोडापर्यंत किती जागा उरली ते मोजायचं. पहिल्या दिवशी वीस इंच भरले. दुसऱ्या दिवशी साडेअठरा. तिसऱ्या दिवशी सतरा आले आणि आबांचा तो घाबरा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "एकवीस, आबा! कमी होतेय!" आबा म्हणाले, "काल साडेअठरा, आज एकवीस. नागीण मागं सरकती व्हय गं? जलम मार्केटात काट्यापुढं गेला माझा. मला माप शिकवतीस?" मी गडबडले. त्यांनी समोरची गोळी बाजूला सारली. "तू टेपावर खोटं बोललीस. मग गोळीवर तरी खरं कशावरनं? मला दिसतंय, माझं भरत आलंय." आणि भिंतीकडं तोंड करून पडले. सकाळची गोळी नाही, दुपारची नाही. मी पाया पडले, दिलीप कामावरून येऊन ओरडला, काही उपयोग नाही. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस नागिणीनं नाही, माझ्या एका खोट्यानं जाणार.

शेवटी मी शिवून होत आलेला एक ब्लाउज त्यांच्यापुढं नेऊन टाकला. म्हटलं, "आबा, हे बघा. हा डावा भाग, हा उजवा. पाठीत मधोमध शिवण, पुढं मधोमध हूक. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगातल्या नसासुद्धा अशाच बेतलेल्या असतात. डाव्या नसेवरची नागीण डाव्या भागातच फिरणार. पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत, बस्स. तिला हूक काढून पलीकडं जाता येत नाही." ते ऐकत होते. "मी खोटं बोलले. चुकलं माझं. सतरा आहे. आता टेप तुमच्याकडं ठेवा, उद्यापासून दिलीप धरेल आणि आकडा तुम्ही वाचायचा. पण गोळी घेतली तरच टेप मिळणार." आबांनी बराच वेळ तो ब्लाउज उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, "कुणाचा हाय?" मी म्हटलं, "चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा." "मग लवकर दे बाई, त्या कजाग हाईत," म्हणाले आणि गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी सतरा. चौथ्या दिवशी त्यांनी टेप डोळ्यांशी नेला, पुन्हा लांब धरून बघितला आणि म्हणाले, "न्हाई सरकली. हुकापाशी थांबलीया." त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. आणि जेवून झाल्यावर, ज्या गोष्टीला आठवडाभर हात लावू देत नव्हते तिचा विषय स्वतःच काढला. त्यांचा करदोडा नेमका फोडांवरून जात होता. दोरा रुतून तिथं पाणी सुटायचं, रक्त यायचं, पण नाव काढलं की म्हणायचे, मेल्यावर तोडा. त्या दुपारी म्हणाले, "आण तुझी कात्री." आत्याबाई नवा दोरा घेऊन धावल्या, आधी हा बांधा, मग तो काढा. पण बांधणार कुठं, कंबरभर निखारे! आबा म्हणाले, "तोड, शैला. मी मरत न्हाई आता." मी कात्री चालवली. ओल्या जखमेतून दोरा सोडवताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. निघाला, आणि ते एवढंच म्हणाले, "हायसं वाटलं गं..." आत्याबाई मात्र त्याच दिवशी पिशवी भरून गावी गेल्या. जित्या माणसाचा करदोडा तोडणारी सून त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

फोड दोन-तीन आठवड्यांत वाळले, पण आतली ठसठस रेंगाळली. डाव्या बाजूला मशीनच्या सुया टोचतात, म्हणायचे. डॉक्टरबाईंनी नसेच्या दुखण्याची वेगळी गोळी दिली, आणि मग पाच-सहा महिन्यांत ते हळूहळू, कुरकुरत का होईना, गेलं. ज्या दिवशी त्यांनी पूर्ण शिवणीचा सदरा घालून सोसायटीत चक्कर मारली त्या दिवशी मी शिरा केला. मग पनवेलहून नवा करदोडाही आणला. त्यांनी तो हातात घेतला आणि मला परत दिला. "माझा बा गेला तवा मी एकोणीस वर्साचा. सगळी म्हनली, तोड. दोरा तुटंना. माझा हात कापाय लागला, आन् लोकं वरडाय लागली, वढ, जोरात वढ. बाचं सगळं अंग हाललं त्या हिसक्यानं... दिलीपच्या हाताला ते नगं." एवढं बोलून त्यांनी मला चहा टाकायला सांगितला. मी ते दिलीपलाही कधी सांगितलं नाही. आबांनी सांगू नको म्हटलं नव्हतं, पण मला नाही सांगवलं.

दहाव्याला आत्याबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांना एका बाजूला घेऊन मी सांगितलं. त्या पदराचं टोक चुरत बसल्या. म्हणाल्या, "मी नऊ वर्साची हुते. दाराआडनं बघितलं हुतं मी त्ये. ह्यो लई रडला हुता..." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं केलंस." एवढंच. पण मला तेवढं हवं होतं, आणि ते मिळाल्यावर मी मोरीत जाऊन मनसोक्त रडले.

गेल्या आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी दारात आली. "आबा आहेत का? गावाहून माझे सासरे आलेत, त्यांना नागीण झालीय. आबांना त्यातलं कळतं असं सगळे सांगतात." खरंच होतं ते. बरे झाल्यापासून कुणाला नागीण झाली की आबा काठी टेकत त्याच्या घरी जायचे, गेरू दिसला तर शिव्या द्यायचे आणि माणसाला रिक्षात घालेपर्यंत हलायचे नाहीत. मी तिला सांगितलं, आबा गेले. ती ओशाळली, निघाली. मी म्हटलं, थांब, मी येते. म्हातारा पलंगावर उजव्या अंगावर पडला होता, डाव्या बाजूचा सदरा वर करून, आणि डोळ्यांत तीच भीती. मी सांगितलं, काका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, चहाबिहा नंतर. तर म्हणाला, "कशाला उगा? तोंड-शेपूट मिळालं की माणूस जातो." मी म्हटलं, "आमच्या सासऱ्यांना अशीच झाली होती, डावीकडंच. नाही मिळालं तोंड-शेपूट." "मग कुठं हायत ते?" मी म्हटलं, "गेले, महिना होऊन गेला." त्याचा चेहरा असा काही पडला की मला त्या अवस्थेतही हसू फुटलं. "अहो काका, नागिणीनं नाही! तीन वर्षांनी. पोटभर जेवून दुपारी झोपले होते. मी उठवायला गेले तर डाव्या कुशीवर होते, हात उशीखाली घेऊन." म्हाताऱ्यानं आपल्या उघड्या डाव्या बाजूकडं बघितलं. "डाव्या?" "डाव्या," मी म्हटलं. तो हळूहळू उठून बसला आणि सुनेला म्हणाला, "चपला दे माझ्या."