देणाऱ्याच्या डोक्यावर जास्वंद

"देणारा कोण, घेणारा कोण?"

दोन कॉम्प्युटर समोर आले की पेणचे तारवाले काका आधी हेच विचारायचे. मग ओल्या रुमालातून जास्वंदीचं फूल काढून देणाऱ्या मॉनिटरच्या डोक्यावर ठेवायचे. तार जोडायची ती त्यानंतर.

नव्वदच्या दशकात एका कॉम्प्युटरमधल्या फाइली दुसऱ्यात न्यायच्या म्हणजे फ्लॉप्यांचा ढीग लागे. काकांकडे मात्र एक लांबलचक काळी तार होती, आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर. तार दोन्ही यंत्रांच्या पाठीत खुपसायची, देणाऱ्यासमोर बसून फाइली पाठवायच्या, की झालं.

"तारेची दोन्ही तोंडं सारखी," काका म्हणायचे. "तिला काय ठाव कुठून कुठं जायचं? फुलाला ठाव असतं."

हसू नका. तुम्हीही असे लोक पाहिले असतील, आणि त्यांचं काम कधी चुकलेलं पाहिलं नसेल.

ती तार खांद्यावर गुंडाळून ते पेणहून रोह्याच्या गाडीत बसत. एकदा मी सोबत होतो. नागोठण्याला चढलेल्या एका म्हातारीने विचारलं, "म्हस हरवली काय रं दादा?"

"नाय गो आये, गावली. रोह्याला बांधलीय. आनायलाच चाललोय."

रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत मी नुकताच कारकून लागलो होतो. सगळ्या कामगारांच्या रजांचा हिशेब जुन्या कॉम्प्युटरमधून नव्यात न्यायचा होता. नव्यात नावं भरलेली होती, रजांची घरं कोरी. कागदी रजिस्टरं साहेबांनी उत्साहाच्या भरात आधीच रद्दीत घातली होती.

काकांनी जुन्यावर फूल ठेवलं, तार जोडली आणि हात धुवायला गेले. मी पंखा लावला. फूल उडून टेबलाखाली गेलं. मी ते उचललं आणि जवळच्या मॉनिटरवर ठेवलं. जवळच्या. एवढंच केलं मी.

दोन्ही मॉनिटर जुळ्या भावांसारखे. काका आले आणि फुलापुढे बसले. 'तिकडची फाइल पुसू का?' असं यंत्राने विचारलं. काकांनी आनंदाने 'हो' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रांत रजांची घरं कोरी निघाली आणि कळलं की आमच्या कंपनीत वर्षभरात कुणीच रजा घेतली नव्हती. नागोठण्याचा फिटर गणपतीत पंधरा दिवस गायब होता, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी तर हललोच नाय, साहेब." एकाने लग्नासाठी रजा घेतली होती. तो घाबरून म्हणाला, "म्हंजे माझं लगीनबी झालं नाय?"

साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. काकांनी एका मॉनिटरच्या डोक्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या. क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"मीच बसलो व्हतो," काका म्हणाले. "माझीच चूक."

कामगारांनी गेटवर त्यांना नारळ दिला. साहेबांनीही दिला, पण दुसऱ्या अर्थाने. मग रोह्यातल्या बाकीच्या कंपन्यांनीही त्यांना बोलावणं सोडलं. मी प्रत्येक पगाराला ठरवायचो, या महिन्यात साहेबांना खरं सांगायचं. सांगितलं नाही.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी पेणला गेलो. इतकी वर्षं लागली मला. मागच्या अंगणात त्या काळ्या तारेवर काकूंची लुगडी वाळत होती.

"काकू, ते फूल मी हलवलं होतं."

काकू खुदकन हसल्या. "ठाव हाय. दोन्ही डोक्यांवर जास्वंदीचे डाग व्हते म्हनं. घरी आल्या आल्या हसत सांगितलं त्यांनी."

"मग तिथे बोलले का नाहीत?"

"तुझी नोकरी नवी. म्हनाले, माझ्याकडं तार तरी हाय."

दाराशी जास्वंद होती. एक फूल तोडून आत आलो. काकांचा फोटो फळीवर टेकवून ठेवला होता. या वेळी देणारा कोण, ते मला ठाऊक होतं.

आधी पंखा बंद केला. मग फूल ठेवलं.