मला पाहायला आले त्या दिवशीचं बॉक्सिंग

रोह्याची मंडळी मला पाहायला पेणला आमच्या घरी आली, तेव्हा पत्रिकेच्या आधी बॉक्सिंगचा विषय निघाला. माझ्या वडिलांना पेपरातल्या बॉक्सिंगच्या बातम्यांचं वेड होतं आणि मुलाचे वडीलही त्याच पंथाचे निघाले. वडिलांचा लाडका जुना हेवीवेट विजेता, एका ठोशात माणूस झोपवणारा. पाहुण्यांचा लाडका नंतरच्या काळातला, पायानं चपळ. ते दोघे समोरासमोर कधी आलेच नाहीत. एक निवृत्त झाला तेव्हा दुसरा शाळेत होता.

"आले असते तर तुमचा तिसऱ्या फेरीत आडवा," वडील म्हणाले.

"आधी ठोसा लागायला तर पायजे! आमचा काय जागेवर उभा राहतोय?" असं म्हणून पाहुणे उठून नाचायलाच लागले.

मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी. वडिलांनी ठोसा दाखवायला हात फेकला, पाहुणे खरोखरच खाली वाकले आणि मूठ कपाटावर आदळली. करंगळी बघता बघता सुजली. पाहुण्यांनीच त्यांना स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं.

आता घरात शांतता. मुलानं मला हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोण जिंकलं असतं?"

"कपाट," मी म्हटलं. तो इतका हसला की बशीतले पोहे सांडले. मलाही मग धीर आला आणि आम्ही बोलत बसलो.

तासाभरानं दोघे वाद घालतच परतले.

"लग्नाचं काय?" आईनं वैतागून विचारलं.

"ते ठरल्यातच जमा," माझे होणारे सासरे म्हणाले, "पण लढतीचं काय अजून ठरत नाय."