खणाचं जाकीट

आज कापडाच्या दुकानातल्या माणसाने गिऱ्हाइकासाठी अडीच मीटर कापड मोजलं, कडेला कात्रीने बारीकशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी ते टर्रकन फाडलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

माझ्या कपाटात चार वर्षं एक जांभळा खण पडून होता. त्याचं माझ्या मनासारखं जाकीट शिवायचं होतं. पण कात्री उचलली की मास्तर आठवायचे. त्यांच्या शिलाईच्या दुकानात मी दहा वर्षं काजं-बटणं केली. एकदा कापायला कापड मागितलं, तर गिऱ्हाइकांसमोर हसले. "सुमन, कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही. तू आपली काजंच कर."

खरंय, जुळत नाही. पण न कापलेल्या कापडालाही कसर लागतेच की! चार वर्षं मी खण नाही, त्यांचं ते हसू घडी घालून जपलं.

घरी आले, खण जमिनीवर पसरला आणि कापला. एक बाही जराशी तिरकी गेली. जाऊ दे.

शिवून झालं की जाकीट अंगात घालून, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असेल अशी वेळ गाठून जाणार आहे. म्हणणार आहे, "मास्तर, कापलंय मी. काजं तेवढी तुम्ही करा."